लंडनचीं प्रेक्षणीय स्थळें आणि आपले जुने प्रेक्षक

एखाद्या मोठ्या शहरांत कोणतीं स्थळें पाहाण्याजोगीं आहेत, हें त्या शहराचा रहिवासी क्वचितच सांगूं शकतो. पुण्यांत जन्म घालविलेल्या गृहस्थानें शनिवारवाड्याच्या दरवाजाच्या आंत कधीं पाऊल टाकलें नसावें, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं. स्थळास प्रेक्षणीयत्व येतें तें परक्याच्या डोळ्यांनीं. आणि परका काय पाहातो, कोठें रेंगाळतो, कोठें कंटाळतो व कशावर रागावतो, यावरून शहराची जेवढी ओळख होते त्याहून अधिक त्या परक्याची होते. लंडन शहरासंबंधीं ही गोष्ट विशेषेंकरून खरी आहे. गेल्या अडीचशें वर्षांत आपल्या देशांतून त्या शहरीं जे गेले त्यांपैकीं कित्येकांनीं आपले अनुभव लिहून ठेविले. कोणीं फारसींत, कोणीं इंग्रजींत. परंतु हे ग्रंथ आपल्याकडे बहुधा ‘विलायतेची स्तुति’ अगर ‘विलायतेची निंदा’ अशा दोन गठ्ठ्यांत बांधून फळीवर ठेवून दिले जातात, आणि त्यांतील माणूस हरवतो. लंडनचा किल्ला, तेथील पदार्थसंग्रहालयें, प्राण्यांची बाग, मेणाचे पुतळे आणि प्रदर्शनें हीं पाहातांना या मंडळींस खरोखर काय दिसलें, एवढीच चौकशी येथें करावयाची आहे.

या मालिकेंतील पहिला मान बंगालच्या मिर्झा इतिसामुद्दीन यास द्यावा लागतो. शहाआलम बादशहाचा तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नांवचा खलिता घेऊन जाणाऱ्या मंडळीबरोबर तो 1766 सालीं विलायतेस निघाला. तो खलिता क्लाइव्हसाहेबांनीं राजापर्यंत पोहोंचूं दिला नाहीं, त्यामुळें मुनशीच्या वकिलातीचें कांहींच झालें नाहीं. मात्र त्यास शहर पाहाण्यास सवड भरपूर मिळाली. त्यानें मोठीं देवळें पाहिलीं, राजवाडे पाहिले, बागा पाहिल्या. पण त्याच्या फारसी ग्रंथांतील जी हकीकत वाचणाऱ्याच्या मनांत राहाते ती निराळीच आहे. एका नृत्यसमारंभास त्याला कोणी घेऊन गेलें. तो दिवाणखान्यांत शिरतांच नाच थांबला, वाद्यें थांबलीं, आणि सर्व मंडळी त्याच्या जाम्याकडे, पागोट्याकडे व शालीकडे टक लावून पाहूं लागलीं. आपण तमाशा पाहावयास गेलों आणि आपलाच तमाशा झाला, अशा अर्थाचें तो लिहितो. त्याच्या लिहिण्यांत राग नाहीं. थोडी गंमत आहे व थोडा संकोच आहे. पुढील सव्वाशें वर्षांत जे जे गेले त्या बहुतेकांना हाच अनुभव आला, आणि प्रत्येकाची तो सोसण्याची तऱ्हा वेगळी होती.

महाराष्ट्राचा लंडनशीं पहिला संबंध आला तो राघोबादादांच्या राजकारणामुळें. दादासाहेबांनीं हणमंतराव नांवाचा एक ब्राह्मण व त्याच्याबरोबर एक पारशी गृहस्थ आपल्या मुलासह, असे वकील इंग्लंडास पाठविले. ते 1781 सालीं तेथें होते. ब्राह्मणाच्या स्वयंपाकाची व सोंवळ्याची सोय लंडनमध्यें होईना. तेव्हां एडमंड बर्क या सुप्रसिद्ध वक्त्यानें त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या मळ्यावर नेलें, आणि झाडें वाढविण्याकरितां बांधलेलें कांचेचें घर हणमंतरावांस स्वयंपाकासाठीं मोकळें करून दिलें. विलायतेंतील एका कांचघरांत पेशवाईंतला ब्राह्मण सोंवळें नेसून भात शिजवीत आहे, हें चित्र कोणा चिताऱ्यानें काढून ठेवलें असतें तर फार बरें झालें असतें. परत आल्यावर या मंडळीस सोन्याच्या योनींतून निघून पुनर्जन्माचें प्रायश्चित्त घ्यावें लागलें, अशी हकीकत ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेंत नमूद आहे. अर्थात् लंडनच्या कोणत्याहि स्थळापेक्षां हणमंतरावांचा परतीचा खर्चच अधिक प्रेक्षणीय ठरला.

लखनौचा मिर्झा अबू तालिब हा 1800 च्या आरंभीं लंडनांत उतरला व अडीच वर्षांजवळ राहिला. हा मोठा रसिक, हजरजबाबी व मेजवान्यांचा शोकी होता. लोक त्यास ‘इराणी राजपुत्र’ म्हणत, आणि तो इराणीहि नव्हता व राजपुत्रहि नव्हता, तरी ती पदवी त्यानें फारशा तक्रारीवांचून चालूं दिली. त्यानें शहराची मनमुराद स्तुति केली, आणि मग इंग्रजांचे बारा दोष क्रमवार लिहून काढले. त्यांत गर्व होता, द्रव्यलोभ होता, आळसहि होता. पाहुण्यानें यजमानाच्या घरचें जेवून त्याच्या दोषांची यादी करावी, हें आपल्या शिष्टाचारांत बसत नाहीं खरें. पण ज्या राष्ट्रानें आपल्या दोषांच्या याद्या इतक्या उत्साहानें केल्या, त्याची एक यादी आपल्याकडील एका माणसानें 1800 च्या सुमारास केली होती, हें वाचून बरें वाटतें इतकें खरें.

आतां ज्यांच्याविषयीं थोडें विस्तारानें लिहावयाचें ते दोघे मुंबईचे. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे मुंबईच्या गोदींतील वाडिया घराण्यांतले चुलतबंधु. त्यांचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी हा 1736 सालीं सुरतेहून मुंबईस आला, आणि तेव्हांपासून शंभर वर्षें या घराण्यानें सागवानी लाकडाचीं अशीं जहाजें बांधलीं कीं इंग्रजांच्या आरमारानें तीं आपल्या ताफ्यांत घेतलीं. 1817 सालीं मुंबईंत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल बंदरांत तरंगत आहे, व तिकीट काढून लोक तें पाहावयास जातात. परंतु 1830 नंतर वाफेच्या जहाजांचा जमाना दिसूं लागला. सागवान कितीहि चांगलें असलें तरी बाष्पयंत्र आल्यावर त्याची किंमत कमी होणार, हें या घराण्यानें ओळखलें, आणि नवी विद्या शिकण्यासाठीं या दोन तरुणांस 1838 सालीं विलायतेस धाडलें. चॅथमच्या सरकारी गोदींत त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि 1841 सालीं आपल्या अडीच वर्षांच्या वास्तव्याची हकीकत इंग्रजींत लिहून लंडनमध्येंच छापविली. त्यांच्याच घराण्यांतील अर्देशीर करसेटजी हा त्यांच्या मागोमाग लंडनास गेला, व 1841 सालीं रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. तो मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय.

हे दोघे ग्रंथकार नव्हते; कारागीर होते. आपल्या देशबांधवांस विलायतेची माहिती व्हावी म्हणून त्यांनीं लिहिलें, आणि म्हणूनच त्यांचें पुस्तक मौल्यवान आहे. विशेष हें कीं त्या काळचें लंडन म्हणजे पैसे घेऊन आश्चर्यें दाखविणाऱ्यांची मोठी जत्रा होती. टेम्स नदीच्या खालून ब्रुनेल हा स्थापत्यकार 1825 पासून भुयार खणीत होता. दोन वेळां नदीचें पाणी आंत घुसलें, सहा माणसें मेलीं, काम बंद पडलें, पुन्हां सुरू झालें, आणि अपुरें भुयार पाहाण्यासाठींहि लोक एक एक शिलिंग देत. तें 1843 सालीं पुरें झालें. गाडीघोड्यांसाठीं खणलेल्या त्या मार्गास उतरणीचे रस्ते बांधण्यापुरता पैसाच उरला नाहीं, म्हणून तो पायीं चालणाऱ्यांसाठीं खुला झाला, आणि पुढें 1869 पासून त्यांतून आगगाडी धांवूं लागली. बेकर स्ट्रीटवर टूसो बाईंचे मेणाचे पुतळे 1835 पासून कायमचे मांडलेले होते. त्यांत राजेराण्यांपेक्षां खुनी व दरोडेखोर यांच्या दालनास गर्दी अधिक असे. अद्यापिहि मनुष्यस्वभावांत याबाबत फरक पडल्याचें दिसत नाहीं.

परंतु आपले हे दोन पारशी ज्यांच्यावर लुब्ध झाले तीं स्थळें वेगळींच होतीं. स्ट्रँडनजीकची ॲडलेड गॅलरी आणि रीजंट स्ट्रीटवर 1838 सालीं उघडलेली पॉलिटेक्निक संस्था, या ठिकाणीं नवीं नवीं यंत्रें चालवून दाखवीत. एके ठिकाणीं वाफेच्या जोरावर गोळ्या झाडणारी तोफ होती. दुसऱ्या ठिकाणीं पाण्याच्या हौदांत लोखंडी घंटेसारखें एक पात्र सोडीत व त्यांत बसून प्रेक्षक तळापर्यंत जाऊन येत. कानांत दडे बसत व तोंडाचा रंग उडे, तरी वर येतांच दुसरे हौशी तयार असत. या दोन संस्थांखेरीज इंग्लंडांत दुसरें कांहींहि पाहिलें नसतें तरी हिंदुस्थानाहून येण्याचे कष्ट सार्थकीं लागले असते, अशा अर्थाचें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. हा उद्गार नीट ध्यानांत घ्यावा. हजार वर्षांची राजसमाधिस्थानें, सेंट पॉलचा घुमट, टॉवरमधील रत्नें, हें सर्व एका बाजूस. आणि खिळ्यासांध्यांचें एक चालतें यंत्र दुसऱ्या बाजूस. ज्याच्या घराण्याची अन्नवस्त्राची विद्या डोळ्यांदेखत जुनी होत आहे, त्याला यंत्रापुढें दुसरें काय दिसणार? इतर प्रवासी करमणुकीसाठीं पाहात होते. हे दोघे आपलें भवितव्य पाहात होते.

याच दृष्टीनें त्यांची दुसरी एक टीका वाचावी. त्या दिवसांत एक नामांकित नर्तकी लंडनची रंगभूमि गाजवीत होती. तिला एका रात्रीसाठीं मिळणारी बिदागी ऐकून हे दोघे थक्क झाले. बदकासारखें एका पायावर उभें राहून गिरकी घेण्यासाठीं एवढें द्रव्य, आणि तेवढ्याचसाठीं सभ्य लोकांनीं टाळ्यांचा कडकडाट करावा, हें त्यांस वेडेपणाचें वाटलें. नृत्यकलेचा हा अन्याय झाला हें कबूल केलें पाहिजे. पण गोदींत रोजमुऱ्यावर राबणारा सुतार काय मिळवतो हें ज्यास पैपैनें ठाऊक, त्याच्या हिशेबास तो आंकडा बसेना, यांत त्याचा दोष काय?

देवदर्शनास पैसे पडतात ही गोष्टहि नव्या प्रवाशास खटकण्याजोगी होती. त्या काळीं सेंट पॉलच्या देवळांत शिरण्यास दोन पेनी घेत, व त्याविरुद्ध खुद्द इंग्रज वृत्तपत्रांत ओरड चाले. पुढें ती वसुली बंद झाली. आज मात्र चक्र फिरून पुन्हां तेथेंच आलें आहे: वेस्टमिन्स्टर ॲबे व टॉवर यांच्या दर्शनास अलीकडे माणशीं तीस पौंडांच्या घरांत खर्च येतो. पंढरपुरास बडव्यांच्या नांवानें बोटें मोडणारे आपले यात्रेकरू तेथें निमूटपणें रांगेंत उभे राहातात.

रीजंट पार्कमधील प्राण्यांची बाग 1828 सालीं उघडली. प्रथम ती विद्वत्सभेच्या सभासदांस व त्यांची चिठ्ठी आणणारांसच मोकळी होती. आपले दोघे पारशी तेथें गेले तेव्हां त्यांच्या उंच पगड्या व पांढरे झगे पाहून लोकांचा घोळका त्यांच्याभोंवतीं जमला. पिंजऱ्यांतल्या चतुष्पादांइतकेच व पक्ष्यांइतकेच आपणहि त्या दिवशीं पाहाण्याचा विषय झालों, असें ते शांतपणें नमूद करतात. मिर्झा इतिसामुद्दीनच्या वेळीं जो संकोच होता तो येथें नाहीं. परदेशी माणसाशीं खालच्या वर्गांतील इंग्रज कसा उद्धटपणें वागतो, हें ते स्पष्ट लिहितात, आणि थोरामोठ्यांनीं केलेल्या आदराबद्दल आभारहि मानतात. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथांत, एकाच समतोल स्वरांत. हा समतोलपणा पुढील काळांतल्या प्रवाशांत क्वचित् आढळतो.

यानंतर लीडनहॉल स्ट्रीटवरील एका इमारतीकडे वळूं. ईस्ट इंडिया कंपनीचें हें मुख्य ठाणें. येथें डायरेक्टरांची सभा भरे, भागीदारांच्या बैठका होत, आणि याच इमारतींत कंपनीनें 1801 सालीं ग्रंथालय व पदार्थसंग्रह स्थापिला होता. ठराविक दिवशीं सामान्य लोकांस तो पाहावयास मिळे. तेथील सर्वांत लोकप्रिय वस्तु म्हणजे टिपू सुलतानाचा वाघ. श्रीरंगपट्टण 1799 सालीं पडलें तेव्हां सुलतानाच्या वाड्यांत हा लांकडी वाघ सांपडला: खालीं एक गोरा शिपाई उताणा पडलेला, त्याच्या उरावर वाघ चढून त्याचा गळा धरीत आहे, वाघाच्या पोटांत भाता व नळ्या बसविलेल्या. बाजूचा हातळ फिरविला कीं वाघ गुरगुरे, माणूस कण्हे व त्याचा हात वर खालीं होई. 1808 पासून तो कंपनीच्या वाचनालयांत ठेवलेला होता. प्रेक्षक येत, हातळ फिरवीत, खदखदून हसत. आणि शेजारीं संस्कृत व फारसी पोथ्या चाळीत बसलेल्या पंडितांचें डोकें उठे. या गोंगाटाबद्दल तक्रारी झाल्या, आणि पुढें तो हातळच नाहींसा झाला. कीट्स कवीच्या एका विनोदी काव्यांतहि या वाद्याचा उल्लेख येतो, इतकें तें सर्वतोमुखीं होतें.

इंग्रजांच्या मृत्यूचें खेळणें करून ठेवणारा सुलतान, आणि तेंच खेळणें त्याच्या मृत्यूनंतर पोरासोरांच्या हातीं देणारे त्याचे शत्रु, यांत अधिक निर्दय कोण, हा प्रश्न मनांत येतो. परंतु इतिहास लिहिणारास येथें दुसरीहि एक गोष्ट दिसते. ज्या दरवाजानें लोक वाघाची गंमत पाहावयास शिरत, त्याच इमारतीचे जिने 1840 च्या दशकांत एक मराठा वकील वर्षानुवर्षें चढत व उतरत होता. साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपति यांस 1839 सालीं पदच्युत करून काशीस धाडण्यांत आलें. त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते हे लंडनास गेले, आणि 1853 पर्यंत, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षें, तेथें राहिले. भाषा परकी, हवा वैऱ्याची, पैशाची सदैव ओढ. अर्ज करावे, पत्रकें छापावीं, जॉर्ज थॉम्सनसारख्या सहृदय वक्त्यांस भागीदारांच्या सभेंत बोलावयास लावावें, आणि शेवटीं बहुमतानें प्रश्न बाजूस पडावा, असा हा क्रम होता. 1847 सालीं महाराज काशीस वारले. 1848 सालीं त्यांचे बंधु शहाजीमहाराज निवर्तले आणि राज्य खालसा झालें. ज्या धन्याचें वकीलपत्र घेऊन आले तो धनी गेला, ज्या गादीसाठीं भांडले ती गादी गेली, तरी रंगो बापूजी आणखी पांच वर्षें तेथेंच झगडत राहिले.

लंडनच्या प्रवासवर्णनांत या माणसाचें नांव येत नाहीं, कारण तो प्रवासी नव्हता. परंतु माझ्या मतें कंपनीच्या त्या घराचें खरें वर्णन दोन प्रकारच्या येणाऱ्यांना एकत्र पाहिल्यावांचून पुरें होत नाहीं. एक तळमजल्यावरून वाघाचा आवाज ऐकून समाधानानें घरीं जाणारा; आणि दुसरा, ज्याचा आवाज वरच्या दिवाणखान्यांत कोणाला ऐकूं आला नाहीं तो. रंगो बापूजी परत आले, 1857 च्या धामधुमींत इंग्रजांनीं त्यांच्या मुलास साताऱ्यास फांशीं दिलें, आणि ते स्वतः बेपत्ता झाले ते कायमचे. कंपनीहि गेली. ती इमारत 1861 सालीं पाडण्यांत आली व तेथें आतां लॉइड्स या विमासंस्थेची पोलादी नळ्यानळ्यांची नवी इमारत उभी आहे. तीहि पाहाण्यास लोक जातात.

1851 च्या महाप्रदर्शनाची कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. हाइड पार्कमध्यें पॅक्स्टन यानें लोखंड व कांच यांचा राजवाडा उभारला. मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत साठ लाखांवर दर्शनें झालीं. हिंदुस्थानच्या विभागांत मुर्शिदाबादच्या नबाबानें राणीस नजर केलेली हस्तिदंती व सोनेरी साज असलेली अंबारी होती. ती ठेवावयास हत्ती पाहिजे म्हणून इंग्लंडांतल्याच एका संग्रहालयांतून पेंढा भरलेला हत्ती उसना आणला. मात्र लोकांची खरी झुंबड लोटली ती कोहिनूर पाहावयास. लाहोरच्या तहान्वयें 1849 सालीं अल्पवयी दुलीपसिंहाकडून घेतलेला हा हिरा सोनेरी पिंजऱ्यांत ठेविला होता. लोक तासन् तास उभे राहून जवळ पोहोंचत, आणि निराश होऊन परतत: हिरा चमकेचना! हिंदी पद्धतीनें वजन राखून घडविलेला तो रत्नमणि लंडनच्या मळकट उजेडांत कांचेच्या गोट्यासारखा दिसे. गॅसचे दिवे लावले, तरी व्यर्थ. मग पुढल्याच वर्षीं त्यास नव्यानें पैलू पाडण्यांत आले. एकशेंश्यायशीं कॅरटांचा हिरा एकशेंसहा कॅरटांहूनहि थोडा कमी भरला. प्रेक्षकांच्या समाधानासाठीं जवळजवळ निम्मी वस्तु झिजवून टाकावी, असें उदाहरण दुसरें नसेल. 1854 सालीं राणीनें तो नवा हिरा दुलीपसिंहास दाखविला. त्यानें तो खिडकीशीं नेऊन बराच वेळ न्याहाळला व परत राणीच्या हातीं दिला. आज टॉवरमध्यें सरकत्या पट्ट्यावर उभें राहून जे तो पाहातात, त्यांस थांबून न्याहाळण्याची तेवढीहि सवड नसते.

कांचेचा राजवाडा पुढें सिडनहॅम येथें हलविला गेला व 30 नोव्हेंबर 1936 रोजीं जळून खाक झाला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सर्वच वस्तूंच्या नशिबीं गर्दी नव्हती. अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे शुभ्र शिलापट्ट 1859 सालीं लंडनास पोहोंचले. त्यांस ठेवावयास जागा नव्हती. कांहीं उघड्यावर भिजले, कांहीं गाडीखान्यांत पडून राहिले. 1867 च्या सुमारास फर्ग्युसन या शिल्पाभ्यासकाची दृष्टि त्यांवर गेली, तेव्हां जगास त्यांचें महत्त्व कळलें. 1880 मध्यें ते ब्रिटिश म्यूझियममध्यें आले. दगडांस बोलतां येत नाहीं म्हणून बरें. नाहीं तर त्यांचें प्रवासवर्णन सर्वांत कडू झालें असतें.

1886 सालीं साउथ केन्सिंग्टन येथें वसाहतींचें व हिंदुस्थानचें प्रदर्शन भरलें, व त्यास पंचावन्न लाखांच्या आसपास लोक आले. यांत नवीन गोष्ट ही कीं केवळ वस्तु न मांडतां त्या घडविणारीं माणसेंहि मांडलीं होतीं. विणकर, कुंभार, शिंपी, मिठाईवाला असे कारागीर एका बनावट राजवाड्याच्या चौकांत बसून काम करीत, व दोरीपलीकडून लोक पाहात. यांतील बहुतेकांनीं आपली कला आग्र्याच्या तुरुंगांत शिकलेली होती; त्या तुरुंगाच्या अधीक्षकानेंच त्यांस आणलें होतें. पाहाणारांची समजूत मात्र अशी कीं गांवोगांवींच्या पिढीजाद घराण्यांतील हे वंशपरंपरागत कलावंत होत.

या प्रदर्शनाच्या कामावर सरकारी अधिकारी म्हणून बंगालचे त्रैलोक्यनाथ मुखर्जी गेले होते. हा पुरुष मोठा मार्मिक; पुढें बंगालींत त्यानें अद्भुत कथा लिहून नांव मिळविलें. त्याचें 1889 सालीं प्रसिद्ध झालेलें ‘युरोपची भेट’ या अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक वाचतांना हंसूं आवरत नाहीं. हिरव्या, करड्या, निळ्या, काळ्या अशा नाना रंगांच्या डोळ्यांनीं लोक आपल्याला कसे भोंसकीत होते, आपल्याला बायका किती असाव्या याविषयीं समोरच कशा पैजा चालत, हें तो मजेनें सांगतो. साध्या हत्यारांनीं सुंदर वस्त्र विणणारा विणकर पाहून इंग्रज प्रेक्षकास जें आश्चर्य होई, त्याला त्यानें दिलेली उपमा तर अमोल आहे: एखाद्या वानरानें श्राद्धाचें पौरोहित्य करून पोथींतून संस्कृत मंत्र म्हटलेले पाहून हिंदूला जेवढा अचंबा होईल, तेवढाच हा. यांत कारागिराची थट्टा नाहीं. ती थट्टा पाहाणाराची आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं मिर्झा साहेबांनीं लाजून जें सोसलें, पारशी बंधूंनीं शांतपणें जें टिपलें, त्याचें मुखर्जींनीं शस्त्र केलें. तथापि एक शंका राहातेच. मुखर्जी स्वतः इंग्रजी पोषाखांतला, इंग्रजी लिहिणारा अधिकारी. दोरीच्या आंत बसलेल्या कुंभाराला काय वाटलें हें त्यानेंहि आपल्याला फारसें सांगितलेलें नाहीं. रुडॉल्फ स्वोबोदा नांवाच्या चित्रकाराकडून राणीनें त्या कारागिरांचीं चित्रें काढवून घेतलीं. त्यांत बक्षीराम नांवाचा एक अतिवृद्ध कुंभार आहे; त्याच्या मुद्रेवर जो थकवा दिसतो तेवढीच त्याची साक्ष.

मुंबईचे बेहरामजी मलबारी 1890 सालीं गेले. त्यांनीं इमारतींस फारसा मान दिला नाहीं. त्यांचें लक्ष रस्त्यावर: धांवपळ, धूर, ओझ्याखालीं वांकलेल्या बायका, आणि वैभवाच्या पायरीवर कुडकुडणारें दारिद्र्य. ज्या शहरानें आपल्याला सुधारणेचे धडे द्यावयाचे, त्याचीं उघडीं पोरें पाहून या सुधारकाचें मन द्रवलें, आणि प्रेक्षणीय स्थळांच्या यादींत जें कधींच छापलें जात नाहीं तें त्यानें 1893 च्या आपल्या पुस्तकांत लिहिलें.

टिपूचा वाघ आतां व्हिक्टोरिया आणि ॲल्बर्ट म्यूझियममध्यें कांचेच्या पेटींत आहे. दुसऱ्या महायुद्धांत छत कोसळून त्याचे तुकडे झाले होते. ते जोडले आहेत. प्रवेश फुकट आहे, आणि वाघ मुका आहे. त्याच संग्रहालयाच्या मालकीचीं एक वाघनखें आहेत. त्यांच्या पेटीवरील लेखांत असें म्हटलें आहे कीं शिवाजीमहाराजांनीं मोगल सरदारास ज्यांनीं मारलें तीं हीं वाघनखें, पेशव्यांच्या मुख्य प्रधानानें साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांस दिलीं. लेखांत अफजलखान मोगल झाला आहे. आणि ग्रँट डफ साताऱ्यास 1818 सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षीं आले, तेव्हां तो प्रधान कोणता हेंहि कोडेंच आहे. हीं तींच वाघनखें असें सिद्ध करतां येत नाहीं, असें संग्रहालयाचे अधिकारीहि स्पष्ट सांगतात. तरी मराठी माणूस लंडनला गेला म्हणजे त्याची पावलें इकडे वळतात, आणि पेटीपुढें तो दोन क्षण अधिक थांबतो. त्या दोन क्षणांत तो इतिहास पाहातो कीं श्रद्धा, याचा निकाल संशोधकांनीं लावावा.

2024 च्या जुलै महिन्यांत हीं वाघनखें तीन वर्षांच्या करारानें उसनीं म्हणून महाराष्ट्रांत आलीं, आणि प्रथम सातारच्या शिवाजी संग्रहालयांत मांडण्यांत आलीं. विमानानें, विमा उतरवून, पहाऱ्यांत आलीं. ज्या गांवचा वकील चौदा वर्षें लंडनच्या दारांत उभा होता, त्या गांवीं त्या शहरची वस्तु पाहुणी म्हणून आली. आणि गांवकऱ्यांनीं रांग लावून, कांचेबाहेरून, ती पाहिली.